महापौरपदाची कुळकथा

गाव मोठे झाले म्हणजे त्याच्या प्रमुखाचे बळही वाढावे, असा आपला साधा समज असतो. महाराष्ट्रातील स्थानिक कारभाराचे कायदे मात्र नेमकी उलटी भाषा बोलतात. खेड्याच्या ग्रामपंचायतीची कार्यकारी सत्ता सरपंचाच्या हाती असते. नगरपालिकेच्या गावी नगराध्यक्षाला पैशाच्या व्यवहारावर आणि नोकरवर्गावर देखरेख ठेवण्याचा तरी अधिकार असतो. पुढे नगरपालिकेची महानगरपालिका होते, महापौर येतो, त्यास शहराचा प्रथम नागरिक म्हणून सर्वांत उंच आसन मिळते. परंतु एखाद्या आळीला नळ जोडून द्यावा, एवढा हुकूमदेखील त्याला स्वतःच्या सहीने काढता येत नाही. तो हुकूम आयुक्ताचा. मान वाढत जातो आणि अधिकार आटत जातो, असा हा चमत्कारिक उतारा आहे.

ठाण्याच्या खाडीपलीकडील कळव्याने हा उतारा एका पिढीत पाहिला. 1854 साली आगगाडी ठाण्याहून खाडी ओलांडून कल्याणास गेली आणि 1916 साली पारसिकच्या डोंगरातून बोगदा निघाला. ह्या दोन्ही घटना कळव्याच्या शिवेवरच्या असल्या, तरी गावाचा कारभार गावातच राहिला होता. पुढे ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने कारखाने उभे राहिले, चाळी आल्या, चाळींच्या जागी इमारती आल्या. 1982 च्या ऑक्टोबराच्या पहिल्या तारखेस ठाणे नगरपालिका व आसपासची गावे एकत्र करून ठाणे महानगरपालिका स्थापन झाली आणि कळवा तिच्यात सामील झाले. गावाच्या चावडीशी बसणारा सरपंच गेला. खाडीपलीकडे एक महापौर मिळावयाचा होता, तोही चार वर्षांनी मिळाला. ह्या महापौराचे पद मुळात आले कोठून, आणि त्याचे हात असे बांधले कोणी, हे आज पाहावयाचे आहे.

‘मेयर’ हे नाव मुंबई बेटाने प्रथम ऐकले ते शहराच्या कारभारासाठी नव्हे, तर न्यायासाठी. 1726 च्या राजसनदेने मुंबईत मेयरचे न्यायालय निर्माण झाले. त्यात एक मेयर व नऊ ऑल्डरमन बसत आणि दिवाणी दावे ऐकत. त्याच्याही आधी, 1687 च्या सनदेने मद्रासेस मेयर मिळाला होता. मुंबईचे हे न्यायालय 1798 मध्ये संपले, आणि त्याबरोबर मेयरचे नावही सुमारे सव्वाशे वर्षे लोपले. गोष्ट लहान दिसते, पण ध्यानात ठेवण्याजोगी आहे. आमच्याकडील पहिला मेयर हुकूम सोडणारा नव्हता. तो समोर उभ्या राहिलेल्या माणसाचे गाऱ्हाणे ऐकणारा होता.

शहराच्या कारभाराची खरी कथा 1865 पासून सुरू होते. त्या वर्षीच्या कायद्याने मुंबईची सर्व कार्यकारी सत्ता एका कमिशनरच्या हाती दिली आणि त्याच्यावर नजर ठेवण्यास ‘जस्टिस ऑफ दि पीस’ म्हणविणाऱ्या सरकारनियुक्त गृहस्थांचे मंडळ नेमले. पहिला कमिशनर आर्थर क्रॉफर्ड. माणूस विलक्षण तडफेचा. रस्ते, गटारे, बाजार, जे हाती घेई ते झपाट्याने पुरे करी. त्याच्या नावाची मंडई अद्याप उभी आहे. आज ती महात्मा जोतीराव फुले ह्यांच्या नावाने ओळखली जाते. परंतु पैसा कोठून येणार आणि किती जाणार, ह्याचा हिशेब ह्या गृहस्थांस कधी जुळवावासा वाटला नाही. शेअरबाजाराच्या दिवाळ्यातून नुकत्याच बाहेर पडू पाहणाऱ्या शहरावर करांचा बोजा वाढला, तिजोरी रिकामी झाली, आणि 1870-71 साली करदाते खवळून उठले. नजर ठेवण्यास नेमलेले जस्टिस काय करीत होते, हा प्रश्न तेव्हा जो तो विचारू लागला. (ह्याच क्रॉफर्डचे नाव पुढे 1888 साली पुण्यात मामलेदारांच्या लाचलुचपतीच्या प्रकरणात गाजले, हे आमच्या जुन्या पिढीच्या ओठांवर असे. कर्जबाजारीपणा माणसाला कोठवर नेतो, त्याचा तो नमुना होता.)

ह्या खळबळीत बहुतेकांचा सूर असा होता की, कमिशनर हे पदच मोडून टाकावे व कारभार सभासदांच्या समितीने हाकावा. अशा वेळी फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये 1871 साली सव्वीस वर्षांच्या एका तरुण बॅरिस्टराने उभे राहून लोकमताच्या प्रवाहाविरुद्ध निबंध वाचला. त्याचे नाव फेरोजशहा मेहता. दोष कमिशनरच्या पदाचा नाही, त्याला जाब विचारणारी सभा लोकांनी निवडलेली नाही हा दोष आहे, असा त्यांचा मुद्दा होता. काम करणारा हात एकच असावा, नाही तर कोणत्याच चुकीचा धनी सापडत नाही. मात्र त्या हाताला धरून ठेवणारी सभा करदात्यांची असावी. श्रोत्यांस हे मुळीच रुचले नाही. परंतु पुढील वर्षीच्या, म्हणजे 1872 च्या, कायद्याने जी रचना आणली ती पुष्कळ अंशी ह्याच धोरणाची निघाली. चौसष्ट सभासदांची कॉर्पोरेशन झाली, तिचे निम्मे सभासद करदात्यांनी निवडावयाचे ठरले, आणि कमिशनर राहिला. 1888 चा जो कायदा आजही मुंबईचा पाया आहे, तो घडविताना मेहता व न्यायमूर्ती काशिनाथ त्रिंबक तेलंग ह्या दोघांनीही कायदेमंडळात कसून परिश्रम केले.

येथे क्षणभर थांबले पाहिजे. महापौराचे हात इंग्रजांनी बांधले, परकी सत्तेला लोकांचा प्रमुख बलवान नको होता, असे आपण सहज म्हणून जातो. ते अर्धेच सत्य आहे. आयुक्त सरकारने नेमावा ह्यात सरकारचा स्वार्थ होता, ह्यात शंका नाही; परंतु काम करणारा निराळा आणि जाब विचारणारा निराळा असावा, ही विभागणी मुंबईच्या सर्वांत मोठ्या लोकनायकाने पुरस्कारिलेली होती. ती त्याने लोकांना दुबळे ठेवण्यासाठी पुरस्कारिली नाही. क्रॉफर्डचा कारभार पाहिलेल्या माणसाने काढलेला तो निष्कर्ष होता. त्या सभेच्या अध्यक्षपदावर स्वतः मेहता एकाहून अधिक वेळा बसले, आणि त्यांच्या काळात कमिशनरला सभेपुढे येताना आपले कागद दोनदा तपासून यावे लागे, ही त्या आसनाची खरी शक्ती होती. खुर्चीवर बसणारा फेरोजशहा असला की खुर्चीला अधिकार लागत नाही, हे खरे. पण प्रत्येक पिढीला फेरोजशहा मिळत नाही, हेही तितकेच खरे.

मुंबईच्या अध्यक्षास ‘मेयर’ ही पदवी 1931 मध्ये मिळाली, आणि बोमन-बेहराम हे पहिले मेयर झाले. पदवी बदलली, अधिकार होते तेच राहिले. तथापि त्या आसनाचा मान माणसागणिक कसा चढतो, ह्याचे एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. 1942 साली युसुफ मेहेरअली हे मेयर निवडले गेले, तेव्हा ते तुरुंगात होते. सरकारच्या कैदेतील तरुणास शहराने आपला प्रथम नागरिक म्हणून निवडावे, ह्याहून अधिक बोलके असे काय असू शकेल? एकही रस्ता बांधण्याची सत्ता नसलेल्या पदाने त्या दिवशी एका साम्राज्याला उत्तर दिले.

आता ‘महापौर’ ह्या शब्दाकडे वळू. हा शब्द मराठीस स्वातंत्र्यवीर सावरकरांनी दिला, आणि त्यांच्या भाषाशुद्धीच्या अनेक शब्दांप्रमाणे तो इतका रुळला की, तो घडविलेला आहे ह्याची आठवणही राहिली नाही. पौर म्हणजे पुरात राहणारा. महापौर म्हणजे पौरजनांतील मोठा. त्यात पती नाही, अधिपती नाही, पालदेखील नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘नागरक’ नावाचा अधिकारी येतो. घरांची मोजदाद, आगीचा बंदोबस्त, रात्रीची गस्त, धर्मशाळेत उतरणाऱ्यांची नोंद हे सारे त्याच्याकडे असे. पेशवाईतील पुण्याचा कोतवालही त्याच जातीचा. घाशीराम कोतवालाच्या हाती शहराची किल्ली होती, तिचा त्याने काय उपयोग केला आणि 1791 साली पुणेकरांनी त्याची काय गत केली, हे सर्वांस ठाऊक आहे. नागरक व कोतवाल हे आजच्या आयुक्ताचे पूर्वज आहेत, महापौराचे नव्हेत. महापौराचा पूर्वज आपल्या इतिहासात शोधू गेल्यास तो सहजासहजी सापडत नाही, आणि म्हणूनच थोडे दूर, इटलीत, जावे लागते.

इटलीचे नाव मराठी वाचकास परके नाही. जोसेफ मॅझिनीचे चरित्र सावरकरांनीच मराठीत आणले. 1907 साली ते पुस्तक छापून निघाले आणि सरकारने ते जप्त केले. योगायोग असा की, त्याच 1907 साली रोमच्या नगराध्यक्षपदावर मॅझिनीचाच एक अनुयायी चढला. त्याचे नाव अर्नेस्तो नाथान. जन्म लंडनचा, धर्माने यहुदी, आणि त्याच्या आईच्या घरी मॅझिनीचे नित्याचे येणेजाणे. पोपच्या नगरीने अशा माणसास 1913 पर्यंत आपला प्रमुख मानले.

परंतु आपल्या प्रश्नाचे उत्तर ह्याहून सात शतके मागे आहे. बाराव्या शतकात उत्तर इटलीतील शहरे व्यापाराने गबर झाली होती आणि आपला कारभार आपण पाहू लागली होती. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा ह्याने 1158 साली आपली सत्ता त्यांच्यावर लादण्याचा घाट घातला आणि शहरोशहरी आपले अधिकारी पाठविले. त्या अधिकाऱ्यास ‘पोदेस्ता’ म्हणत. शब्दाचा अर्थच मुळी सत्ता. शहरांनी एकजूट करून 1176 मध्ये लेन्यानोच्या रणांगणात सम्राटाचा पराभव केला, आणि 1183 च्या तहाने आपली स्वायत्तता मान्य करून घेतली. येथवरची कथा सरळ आहे. नवल पुढे आहे. सम्राटाचा पोदेस्ता ज्यांनी हाकलला, त्याच शहरांनी थोड्याच वर्षांत आपण होऊन पोदेस्ता नेमावयास प्रारंभ केला! कारण घरातले भांडण. बड्या घराण्यांची वैरे अशी पेटली होती की, गावातील कोणाही माणसाच्या हाती न्याय व शस्त्र देणे म्हणजे अर्ध्या गावाने दुसऱ्या अर्ध्याच्या तावडीत जाणे होय. म्हणून त्यांनी दुसऱ्या शहरातील जाणता मनुष्य वेतन देऊन आणावा, सहा महिने किंवा वर्षभर ठेवावा आणि परत पाठवावा, अशी रीत घातली. तो आपले न्यायाधीश, कारकून व शिपाई बरोबर घेऊन येई. गावातील कोणाच्या पंक्तीस त्याने बसू नये, गावात सोयरिकी जुळवू नयेत, असे निर्बंध शहरे त्याच्यावर घालीत. फ्लॉरेन्समध्ये 1255 साली ज्या भक्कम वाड्याचे काम निघाले, त्यात पुढे पोदेस्ता राहत असे. तो वाडा आज बार्जेल्लो नावाने पदार्थसंग्रहालय म्हणून उभा आहे.

परका, मुदतीचा, पगारी, आणि कोणाचाही सोयरा नसलेला, अशी ही पोदेस्ताची लक्षणे वाचताना ठाण्याच्या किंवा कल्याणच्या रहिवाशास आपल्या आयुक्ताची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. आयुक्त राज्य सरकार नेमते. तो बाहेरचा असतो. तीन वर्षांच्या आतबाहेर जातो. आणि नागरिकांत त्याच्याविषयी दोनच भावना असतात : एक तर, हा आला म्हणून काहीतरी झाले, नाही तर, हा कोण आम्हांस शिकविणारा.

आता त्या जुन्या रीतीचा दुसरा भाग. पोदेस्ताची मुदत संपली म्हणजे त्याला लागलीच घोड्यावर बसून निघून जाता येत नसे. त्याने काही दिवस शहरातच राहावयाचे. तेवढ्या अवधीत ज्या कोणास त्याच्याविरुद्ध तक्रार असेल त्याने पुढे यावयाचे. आणि शहराने नेमलेल्या तपासनिसांनी त्याचे हिशेब व त्याचे निवाडे चाळावयाचे. दोष निघाल्यास दंड, आणि तो भरेपर्यंत सुटका नाही. ह्या चौकशीस ‘सिंदाकातो’ म्हणत, आणि चौकशी करणाऱ्यांस ‘सिंदाको’. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ दुसऱ्याची बाजू घेऊन न्यायासनापुढे उभा राहणारा, असा आहे. आणि आज इटलीत शहराच्या निर्वाचित प्रमुखास काय म्हणतात? सिंदाकोच. सत्तेचा हिशेब विचारणाऱ्याचे नाव लोकांनी आपल्या प्रमुखास दिले. मुसोलिनीने हे बरोबर ओळखले होते. 1926 साली त्याने निर्वाचित सिंदाको रद्द केले आणि त्यांच्या जागी सरकारनियुक्त अधिकारी बसवून त्यास नाव दिले पोदेस्ता! युद्धाअखेर हुकूमशाही गेली, तेव्हा सिंदाको परत आले. पुढे 1993 च्या कायद्याने इटलीने सिंदाकोस थेट लोकांच्या मतांनी निवडून आणून त्यास कार्यकारी सत्ताही दिली, म्हणजे दोन्ही भूमिका एकाच माणसाकडे सोपविल्या. तो प्रयोग त्यांचा. आपल्या महापौराचे साम्य जुन्या सिंदाकोशी आहे.

ह्या कसोटीवर ठाण्याकडे पाहू. ठाण्याची नगरपालिका 1863 ची. तिच्या दीर्घ आयुष्यातील एक वर्ष राजकीय इतिहासात नोंदले गेले आहे : 1967. त्या वर्षी अवघ्या एक वर्षाच्या शिवसेनेने ही नगरपालिका जिंकली आणि वसंतराव मराठे नगराध्यक्ष झाले; त्या पक्षाला मिळालेली ही पहिली सत्ता. 1982 साली महानगरपालिका झाल्यावर प्रथम प्रशासक आला, आणि 1986 च्या निवडणुकीनंतर सतीश प्रधान पहिले महापौर झाले. प्रधान हे आधी नगराध्यक्षही होते. दोन्ही आसनांचा अनुभव घेतलेला असा मनुष्य विरळाच. ते पुढे राज्यसभेत गेले. काँग्रेसचे वसंत डावखरे महापौरपदावरून विधान परिषदेत पोचले आणि तेथे दीर्घकाळ उपसभापती होते. कोळी समाजाचे अनंत तरे हे तीनदा महापौर झाले. खाडीच्या काठी पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या समाजाचा माणूस त्या शहराच्या पहिल्या आसनावर बसावा, ह्यात एक औचित्य होते. राजन विचारे पुढे लोकसभेत गेले. 2019 ते 2022 ह्या काळातील महापौर नरेश म्हस्के हेही 2024 मध्ये लोकसभेत गेले.

ही यादी मुद्दाम सांगितली. तीत एक गोष्ट नजरेत भरते : आसन हे मुक्काम न राहता पायरी झाले आहे. ह्यात त्या व्यक्तींचा दोष काढण्यात अर्थ नाही. ज्या पदाची मुदत आरंभी एकच वर्ष होती आणि पुढे अडीच वर्षे झाली, आणि कोणत्या वर्गाच्या उमेदवारास ते मिळावे हे सोडतीच्या चिठ्ठीने ठरते, तेथे मनुष्य मूळ धरील कसा? (सोडतीचा एक मोठा लाभ मात्र मान्य केला पाहिजे. मुंबईस पहिली स्त्री महापौर सुलोचना मोदी ह्यांच्या रूपाने 1956 मध्ये मिळाली, आणि नंतर कित्येक दशके तो मान स्त्रीस क्वचितच लाभला. आरक्षणाने ती कोंडी फोडली.) उलट ठाणेकरांच्या बोलण्यात रस्तारुंदीचा विषय निघाला की, महापौराचे नाव न निघता आयुक्त टी. चंद्रशेखर ह्यांचे निघते. पोदेस्ता लोकांच्या स्मरणात राहिला आणि सिंदाको विस्मृतीत गेला. 1998 साली मुंबई व नागपूर येथे महापौर-परिषद नेमून कार्यकारी सत्ता महापौराकडे देण्याचा प्रयोग झाला. तो एका वर्षातच गुंडाळला गेला. त्याचा शोक करावा असे मला वाटत नाही. महापौरास सत्ता मिळाली नाही हे आपले दुखणे नव्हे; जाब विचारण्याचा जो अधिकार त्याच्या सभेला आहे, तो वापरला जात नाही आणि वापरला तर मानला जात नाही, हे आहे. सभेने पाच अष्टमांश मतांनी ठराव केल्यास आयुक्त परत बोलवावा, असे कायदा सांगतो. कळव्याला लागूनच असलेल्या नवी मुंबईत 2016 च्या ऑक्टोबरात शंभराहून अधिक सभासदांनी आयुक्त तुकाराम मुंढे ह्यांच्याविरुद्ध असा ठराव केला. राज्य सरकारने तो अमलात येऊ दिला नाही. त्यांची बदली झाली ती पुढे 2017 च्या मार्चात, सरकारच्या सोयीने. मुंढे ह्यांची बाजू न्याय्य होती की सभासदांची, हा वाद येथे नको. प्रामाणिक अधिकाऱ्यास दडपून टाकण्यासही असा ठराव होऊ शकतो, हे उघड आहे. परंतु कलम पुस्तकात ठेवावयाचे आणि सभेच्या हाती त्याची मूठ द्यावयाची नाही, ही रीत फेरोजशहांच्या योजनेत नव्हती.

आणि सभाच नसेल तर? हा प्रश्न काल्पनिक नाही. कल्याणची महानगरपालिका 1983 साली झाली, पण तिची पहिली निवडणूक 1995 मध्ये. मधली बारा वर्षे प्रशासकाची. ठाण्याच्या सभागृहाची मुदत 2022 च्या मार्चात संपली. इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात होता, म्हणून निवडणूक झाली नाही. आयुक्त हेच प्रशासक झाले. म्हणजे प्रस्ताव मांडणारा, तो संमत करणारा आणि तो अमलात आणणारा, तिघेही एकच. हजारो कोटींची अंदाजपत्रके अशा रीतीने मंजूर होत गेली.

ह्या निर्नायक काळातच, 2023 च्या ऑगस्टात, कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात चोवीस तासांत 18 रुग्ण दगावले. हे रुग्णालय महानगरपालिकेचे, राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय त्याला जोडलेले, पाचशे खाटांचे. ठाण्यातील जिल्हा रुग्णालयाची जुनी इमारत नव्या बांधकामासाठी रिकामी झाली होती, आणि जिल्हाभरचे रुग्ण, शहापूर-मुरबाडच्या आदिवासी पाड्यांपासूनचे, कळव्याच्या दारी येत होते. काही रुग्ण अखेरच्या अवस्थेत आणले गेले, असे प्रशासनाने सांगितले. मृतांच्या नातेवाइकांचे म्हणणे निराळे होते. राज्य सरकारने चौकशी समिती नेमली. मंत्री आले, पुढारी आले, वर्तमानपत्रे भरली.

कोण चुकले, ह्याचा निवाडा करण्याचे हे स्थान नव्हे. मी पाहतो आहे ते एवढेच की, त्या आठवड्यात शहराची सभा भरली नाही, कारण शहराला सभा नव्हती. एरवी काय झाले असते, ह्याची कल्पना सहज करता येते. सभासदांनी लेखी मागणी केली असती. महापौराने खास सभा बोलाविली असती. प्रेक्षकांच्या सज्जात मृतांचे आप्त बसले असते. आणि आयुक्ताला व रुग्णालयाच्या अधिष्ठात्याला उठून उत्तरे द्यावी लागली असती : किती डॉक्टर नेमलेले, किती हजर, अतिदक्षता विभागात खाटा किती, जिल्हा रुग्णालय हलविताना हा भार येणार हे कोणी व कधी लिहून कळविले, आणि त्या कागदाचे काय झाले. आरडाओरडा झाला असता, पक्षापक्षांत तंटा झाला असता, कदाचित कोणी राजदंडाला हातही घातला असता. परंतु प्रश्न आणि उत्तर दोन्ही इतिवृत्तात राहिली असती, आणि पुढे कोणाही नागरिकाला ती काढून वाचता आली असती. सरकारी समितीचा अहवाल सरकारला सादर होतो. सभेचे इतिवृत्त शहराचे असते.

प्रश्न विचारणाऱ्यापाशी बहुमत असावेच लागते असे नाही. ज्यांच्या नावाने आज क्रॉफर्डची मंडई ओळखली जाते, ते जोतीराव फुले 1876 ते 1882 ह्या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते, तेही सरकारनियुक्त. 1880 साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन ह्यांच्या स्वागतास पालिकेचे हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव आला. हा पैसा शिक्षणाकडे लागावा, असे म्हणून फुल्यांनी विरोध केला. सभेत ते एकटे पडले आणि ठराव संमत झाला. रक्कम खर्च झाली ती झालीच. लिटनसाहेबांच्या स्वागताची कमान कशी होती, हे आज कोणास सांगता येणार नाही. विरोधी मत मात्र नोंदले गेले आणि दीडशे वर्षे होत आली तरी आपण ते सांगतो आहो.

ठाण्याच्या महानगरपालिकेची निवडणूक अखेर 2026 च्या जानेवारीच्या 15 तारखेस झाली. सुमारे चार वर्षे बंद असलेल्या सभागृहासाठी 131 सभासद निवडले गेले, त्यांत खाडीअलीकडच्या कळवा, खारेगाव, विटाव्याचेही प्रतिनिधी आहेत. प्रशासकाच्या चार वर्षांतील ठरावांची दप्तरे महापालिकेच्या कचेरीत आहेत. जुन्या इटालियन शहरात पोदेस्ता निघण्यापूर्वी तपासनीस ज्या प्रकारचे कागद मागून घेत, त्याच प्रकारचे ते आहेत, आणि ते मागण्याचा अधिकार ह्या सभेस आहे.